ब्रेक ऑइल पितं कोण?

मंडळी, आमच्या नात्यागोत्यात अजून दोन-तीन मारुती ८०० धावताहेत. या गाडीचं उत्पादन २०१४ सालीच थांबलं, म्हणजे त्यातली सगळ्यात धाकटीही आता दहा वर्षांपुढची. "ब्रेक ऑइल कमी झालं होतं, थोडं टाकून घेतलं" हे वाक्य त्या घरांतून इतक्यांदा ऐकलं, की आज लिहायलाच बसलो. माझं मत स्पष्ट आहे. कारण न शोधता ऑइल टाकणं म्हणजे रोग म्हशीला आणि औषध पखालीला!

इंजिन ऑइल थोडंफार जळतं, ब्रेक ऑइल जळत नाही. पुढचे पॅड झिजले की डबीतली पातळी महिनोन्‌महिने सावकाश उतरते, तेवढं क्षम्य. पंधरा दिवसांत उतरली, तर गळतीच समजा.

ती शोधणं अवघड नाही. रात्री चारही चाकांखाली आणि इंजिनखाली कोरडे पुठ्ठे ठेवा. मागच्या टायरची आतली बाजू ओली दिसली, तर ड्रममधल्या व्हील सिलिंडरवर संशय घ्या. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, त्यानं आतून गंज धरतो आणि रबर फाटतं. पुठ्ठे कोरडे, पण ब्रेक दाबून धरल्यावर पेडल हळूहळू खाली जातंय? मग मास्टर सिलिंडर तपासा. तो मागून गळला तर ऑइल बूस्टरमध्ये जातं, जमिनीवर थेंबही पडत नाही.

दुरुस्ती करताना नुसतं रबर बदलून भागत नाही. सिलिंडरला आतून खड्डे पडले असतील, तर तो अख्खा बदलावा. ऑइलनं भिजलेले ब्रेक शू पुसून परत बसवू नयेत, दोन्ही बाजूंचे नवे घालावेत. झाकणावर लिहिलेल्या प्रतीचंच ऑइल, तेही सीलबंद डब्यातलं घ्यावं आणि नळ्यांतली हवा पूर्ण काढावी.

मेकॅनिकला दोष देणं सोपं आहे हो. पण "लवकर उरकून दे" म्हणणारे आपणच ना? ब्रेकचे दोन स्वतंत्र मार्ग असतात, एक गेला तरी दुसरा थांबवतो, असं एका भाच्यानं मला ऐकवलं. थांबवतो, बाबा, पण बऱ्याच पुढे जाऊन. तेवढ्या अंतरात रस्ता ओलांडणारं एखादं पोर असू शकतं.

असो. जुनी गाडी जरूर वापरा. पण गळती सापडली की ती चालवत गॅरेजला नेऊ नका, ओढून न्या.