लेखाचाही भाव ठरवा

हिमरूची वीण, अत्तराची पारख, जरीचा कस यांवर कंपन्या आता आमच्या कारागीर बांधवांकडून लेख मागतात. मोबदला विचारला की उत्तर ठरलेले: तुमचेच नाव होईल! नावावर वाणी उधार देत नाही.

आमच्या मते शब्दांवर दर सांगूच नये. लेखापायी बुडालेले दिवस आणि त्यांची मजुरी धरून रक्कम सांगावी, निम्मी आगाऊ घ्यावी. आणि लेखी करार हवाच. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९ नुसार सहीच्या लेखी कराराशिवाय लेखाचे हक्क दुसऱ्याकडे जात नाहीत. करारात मुदत नसेल तर ती पाच वर्षे धरतात. ‘सर्व हक्क कायमचे’ अशी ओळ दिसली तर तिचे पैसे वेगळे मागावेत. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम आहे. सुताच्या उधारीत आम्ही तो पाळतो, लेखाच्या वेळीच कसला संकोच?