चिप देशात बनेल, पण हात कुणाचे असतील?

बोरगाव मेघेत मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात जरा वेळ बसलं की ‘आयसी गेली’ हे दोन शब्द हमखास कानावर पडतात. नखाएवढी ती काळी चिप बहुतेक वेळा परदेशातून आलेली असते. मोबाईलसारखीच ती मोटारीत, एटीएममध्ये, रडारमध्ये आणि क्षेपणास्त्रातही असते. २०२१ मध्ये जगभर चिपचा तुटवडा पडला तेव्हा आपल्याकडच्या मोटार कारखान्यांनाही उत्पादन कमी करावं लागलं. ऐन युद्धात पुरवठा तुटला तर काय होईल, याचा विचार करा.

म्हणून डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने चिपनिर्मितीसाठी ७६,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली, हे मला योग्यच वाटतं. मोहालीचा सरकारी चिप कारखाना १९८९ च्या आगीत जळाला आणि त्याची किंमत देशाने पुढे अनेक वर्षं मोजली. आता गुजरातमध्ये धोलेरा येथे टाटा आणि तैवानची पीएसएमसी ९१,००० कोटींचा कारखाना उभारत आहेत. अशा प्रकल्पाच्या निम्म्यापर्यंत खर्च केंद्र उचलतं.

काहीजण म्हणतात, वस्तीत धड नाली नाही आणि चिपला हजारो कोटी कशाला? प्रश्न रास्त आहे. पण नाली हवी म्हणून चिप नको, असं होत नाही. दोन्हींचा हिशेब मागायला हवा. हा पैसा जनतेचा आहे, म्हणजे अमानत आहे. ‘राष्ट्रीय सुरक्षा’ म्हटलं की प्रश्न विचारणं थांबवायचं, हे मला मान्य नाही. कंपनीला किती मदत दिली, रोजगार किती निर्माण झाले, हुनर किती जणांना मिळालं, हे जाहीर झालंच पाहिजे. तंत्रज्ञान तैवानचं, यंत्रं परदेशी आणि आपल्याकडे फक्त इमारत, असं झालं तर परावलंबन तसंच राहील. खरी सुरक्षा शिकलेल्या माणसांत असते.

हे वर्ध्याला नवीन नाही. १९३७ मध्ये इथल्या शिक्षण परिषदेत हाताच्या कामातून शिक्षण देण्याचा विचार मांडला गेला. त्याची योजना आखणाऱ्या समितीचे अध्यक्ष डॉ. झाकीर हुसेन होते, जे पुढे राष्ट्रपती झाले. देशाच्या शिक्षणाचा आराखडा एका मुस्लिम शिक्षकाच्या अध्यक्षतेखाली तयार झाला, तोही आपल्याच वर्ध्यातल्या परिषदेनंतर.

मग चिपचं काम ‘आपल्यासाठी नाही’ असं आपण का समजायचं? केंद्राच्या ‘चिप्स टू स्टार्टअप’ कार्यक्रमात ८५,००० अभियंते घडवण्याचं उद्दिष्ट आहे. इलेक्ट्रॉनिक्सच्या पदविका-पदवीला असलेल्या मुलामुलींनी आपलं कॉलेज त्यात आहे का, हे विचारावं. नसेल तर का नाही, हे आमदार-खासदारांना विचारावं. मोहल्ल्याच्या बैठकीत लग्नखर्चाइतकीच चर्चा या अभ्यासक्रमांच्या फीची व्हावी.

आयसी बदलणारे हात आपल्याकडे आहेतच. ती घडवणाऱ्यांतही ते असावेत, ही जबाबदारी सरकारची आहे आणि आपलीही.