कचरा मिसळल्यावर घाण होतो

आमच्या मोहल्ल्याच्या तोंडाशी, उर्दू शाळेच्या भिंतीला लागून एक उकिरडा आहे. नगरपालिकेच्या कागदावर तो नाही. दोन वर्षांपूर्वी तिथली कचराकुंडी उचलून नेली आणि आमचे शहर 'कुंडीमुक्त' झाले. कुंडी गेली, ढीग राहिला. घंटागाडी येते, पण अरुंद गल्लीत शिरत नाही. मोठ्या रस्त्यावर दोन मिनिटे गाणे वाजवते आणि निघून जाते. सकाळीच धुणीभांड्यांना बाहेर पडणाऱ्या बायकांनी तिच्यामागे कधी धावायचे?

आम्ही पाच-सहा जण अर्ज घेऊन गेलो. साहेबांनी तो न वाचताच म्हटले, "तुमच्या लोकांनाच स्वच्छतेची सवय नाही." हे वाक्य तुमच्यापैकी अनेकांनी ऐकले असेल. मी तणतणत परतलो आणि पुरावा म्हणून ढिगाचे फोटो काढायला गेलो. एका फाटक्या पिशवीतून शिळ्या भातात भिजलेले पाकीट बाहेर आले होते. त्यावर माझे नाव होते, माझाच पत्ता होता. फोटो न काढताच घरी आलो.

साहेबांचे बोलणे अन्यायाचेच होते. सेवा द्यायची नाही आणि मग घाणीचा शिक्का मारायचा, ही जुनी रीत आहे. पण त्या पाकिटाचे उत्तरही मला द्यावे लागणार होते.

आपण म्हणतो, कचरा 'बाहेर' टाकला. पण हे बाहेर म्हणजे कुणाचे तरी दार असते. औरंगाबादचा कचरा वर्षानुवर्षे नारेगावला जात होता. फेब्रुवारी २०१८ मध्ये तिथल्या आसपासच्या गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या. शहरात रस्तोरस्ती ढीग साचले. मार्चमध्ये मिटमिट्याला कचरा नेताना दगडफेक, जाळपोळ आणि लाठीमार झाला. कुठल्याच गावाला शहराचा कचरा नको होता, आणि त्यात गावांचे काही चुकले असे मला वाटत नाही.

मुंबईचे देवनार तर १९२७ पासून कचरा पोटात घेत आहे. उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते म्हणतात. देवनारच्या उकिरड्याला शंभर वर्षे होत आली. त्याच्या शेजारी गोवंडी-शिवाजीनगरच्या वस्त्या आहेत. तिथे गरीब मुसलमान आणि दलित मोठ्या संख्येने राहतात. जानेवारी २०१६ मध्ये तो डोंगर पेटला, तेव्हा परिसरातल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. ओला कचरा ढिगाखाली हवेवाचून कुजतो, त्यातून मिथेन वायू निघतो आणि आग आतल्या आत धुमसत राहते. कचरा साऱ्या मुंबईचा असतो. खोकला आधी गोवंडीला लागतो.

यावरचा उपाय मला आमच्या गल्लीतल्या एका खालांनी सांगितला. त्या वीस वर्षे कागद-प्लास्टिक वेचून भंगारवाल्याला देतात. मी पाकिटाची गोष्ट सांगितली तर हसल्या. म्हणाल्या, "बेटा, कचरा गंदा नहीं रहता, मिलाने से गंदा होता." कोरडे पाकीट त्यांच्यासाठी रद्दी असते, भातात भिजले की घाण. भात एकटा असता तर त्याचे खत झाले असते. दोघांची माती करणारा हात माझा होता.

खालांचे शहाणपण कायद्यातही आहे. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा घरातच वेगळा करायला सांगितले होते. कचरावेचकांना या व्यवस्थेत सामावून घ्या, असेही त्या नियमांत म्हटले होते. मग अडते कुठे? बऱ्याच ठिकाणी ठेकेदाराला वाहून नेलेल्या वजनावर पैसे मिळतात. ओले-सुके एकत्र, वर थोडी माती, की वजन वाढते. नागरिकाने वेगळे करून दिले तरी गाडीत ते एक होते. दुसऱ्यांदा असे पाहिले की माणूस वेगळे करणे सोडून देतो.

तरी हे होऊ शकते. पुण्यात कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ मध्ये उभी राहिली. २००८ पासून त्यांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था दारोदार कचरा गोळा करते. वेचकांना घरांकडून थेट शुल्क मिळते आणि सुका माल विकून उत्पन्नही मिळते. कोकणातल्या वेंगुर्ल्यासारख्या छोट्या शहराने कचरा वेगवेगळा करून घेतला आणि डंपिंगच्या जागेवर बाग फुलवली. दोन्हीकडे कचरा घराच्या दारातच वेगळा झाला.

आता थोडे आपल्याबद्दल. बकरी ईदच्या तीन दिवसांत आमच्या मोहल्ल्यातली पोरे घरोघरी पिशव्या वाटतात, अवशेष गोळा करतात, गाडीला रस्ता मोकळा करून देतात, चुना-पावडर टाकतात. नगरपालिकाही गाडी गल्लीपर्यंत पाठवते. म्हणजे सवय दोघांनाही आहे, ती तीनच दिवस टिकते. वजूला पाणी पाक हवे म्हणून आपण केवढे जपतो, आणि पिशवी मात्र शाळेच्या भिंतीवर भिरकावतो. झाडूचे काम मेहतर, लालबेगी, हलालखोर यांचे, ही समजूत आपल्या समाजातही मुरलेली आहे. मशिदीत एका सफेत उभे राहायचे आणि कचऱ्याशी जात पाहायची, हे चालणार नाही.

गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या चौदा घरांनी दोन-दोन डबे ठेवले. सुका माल खाला नेतात. ओल्याचे अजून जमलेले नाही. एका घरी पिंपात अळ्या झाल्या आणि बराच आरडाओरडा झाला. कुणीतरी वाळलेला पाला टाकायला सांगितले, तो टाकून पाहतो आहोत.

अर्ज मात्र आम्ही पुन्हा दिला आहे. गल्लीत शिरेल अशी हातगाडी द्या, आमचा वेगळा केलेला कचरा वेगळाच न्या, आणि ठेकेदाराचे पैसे वजनावर देऊ नका, असे त्यात लिहिले आहे. साहेब या वेळी काय म्हणतात पाहू. आधीचे वाक्य पुन्हा म्हणाले, तर त्यांना चौदा घरांचे डबे बघायला बोलावणार आहे.