इंजिन बदललेल्या मोटारींचा वारसा

पन्नास वर्षांहून अधिक जुन्या मोटारींना ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणी देणारे नियम केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा जुन्या मोटारींच्या शौकिनांनी त्यांचे स्वागत केले आणि ते साहजिकही होते. या नियमांमुळे अशा मोटारींना ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला क्रमांक मिळू लागला. नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षे ठरली. प्रदर्शने, फेऱ्या, तांत्रिक संशोधन अशा मोजक्या कारणांसाठी त्या रस्त्यावर आणण्याची मुभाही मिळाली. परंतु या सवलतीच्या दाराशीच एक अट उभी आहे. मोटार मूळ रूपात असली पाहिजे; तिच्या चेसिसमध्ये, सांगाड्यात वा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. वरवर पाहता ही अट निर्दोष वाटते. तथापि महाराष्ट्रातील मोटारींच्या इतिहासाचे एक संपूर्ण प्रकरणच तिच्यामुळे वारशाच्या व्याख्येबाहेर फेकले जाते. ते प्रकरण आहे पेट्रोलसाठी जन्मलेल्या आणि डिझेलवर म्हाताऱ्या झालेल्या अमेरिकन सेडान मोटारींचे.

या मोटारी आल्या कोठून, हे प्रथम पाहिले पाहिजे. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे मोटारी जोडण्याचा कारखाना काढला आणि शेवरलेट हे नाव महाराष्ट्राच्या तालुक्यातालुक्यांत पोहोचले. पुढे सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि क्रायस्लरशी करार करून १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, प्लिमथ व डिसोटो मोटारी बाहेर पडू लागल्या. १९५३ मध्ये शासनाचे धोरण बदलले. ज्यांच्याजवळ देशातच टप्प्याटप्प्याने सुटे भाग बनविण्याची योजना असेल, त्यांनाच पुढे वाव राहील, असे ठरले. १९५४ मध्ये जनरल मोटर्सने शिवडीचा कारखाना बंद केला. कुर्ल्यातही पुढे भर राहिला तो लहान फियाटवर. मोठ्या अमेरिकन मोटारींचा ओघ असा आटला. पण ज्या आलेल्या होत्या, त्या आटल्या नाहीत. संस्थानिक, मिलमालक, डॉक्टर आणि वकील यांच्या दारातून त्या हळूहळू टॅक्सीवाल्यांच्या हाती आल्या आणि त्यांचे दुसरे आयुष्य सुरू झाले.

हे दुसरे आयुष्य पेट्रोलवर काढणे कठीण होते. सहा सिलिंडरांचे ते इंजिन ज्या देशात घडले, तेथे पेट्रोल स्वस्त होते. येथे प्रत्येक लिटरचा हिशेब होता. त्यातच १९७३ च्या ऑक्टोबरात अरब-इस्रायल युद्ध भडकले आणि काही महिन्यांतच खनिज तेलाची आंतरराष्ट्रीय किंमत सुमारे चौपट झाली. पेट्रोलच्या दरवाढीच्या निषेधार्थ अटलबिहारी वाजपेयी त्या वर्षी बैलगाडीतून संसदेत गेले, ही घटना त्या दिवसांची साक्ष म्हणून पुरेशी आहे. डिझेल मात्र शेतीचे, मालवाहतुकीचे आणि एस.टी.चे इंधन म्हणून करांच्या बाबतीत सांभाळले गेले होते. दोन इंधनांच्या दरांतील या अंतरातूनच डिझेलवर धावणारी अमेरिकन मोटार जन्मास आली. तिला कोणी आराखडाकार नव्हता. गरज हीच तिची आराखडाकार होती.

या बदलामागचे तंत्र समजून घेतल्याशिवाय त्यातील कौशल्य ध्यानात येणार नाही. पेट्रोल इंजिनात ठिणगीने पेट घेतला जातो. डिझेल इंजिनात ठिणगीच नसते. हवा इतकी दाबली जाते की तिच्याच उष्णतेने फवारलेले इंधन पेटते. हा दाब सोसावयाचा म्हणून डिझेल इंजिन जड असते आणि त्याचे फेरे कमी असतात. म्हणजे केवळ एक इंजिन उतरवून दुसरे चढविले, एवढ्याने काम भागत नसे. पुढच्या स्प्रिंगा भक्कम कराव्या लागत. इंजिन आणि गिअरबॉक्स यांची तोंडे जुळत नसत. म्हणून मधली जोडतबकडी ओतून घेऊन लेथवर कातावी लागे. जुन्या अमेरिकन मोटारींची बॅटरी सहा व्होल्टची, तर डिझेल सुरू करण्यास बारा व्होल्टची आवश्यकता. म्हणून विजेची जोडणीही नव्याने करावी लागे. या मोटारींचे बाह्यांग वेगळ्या, भक्कम चेसिसवर बसविलेले असे, म्हणूनच त्या हा भार सोसू शकल्या. इंजिनेही हाताशी होती. मद्रासच्या सिम्प्सन कंपनीने १९५० च्या दशकात पर्किन्स इंजिनांची निर्मिती हाती घेतली होती, आणि ट्रक-ट्रॅक्टरांच्या निमित्ताने त्यांची दुरुस्ती गावोगावच्या मेस्त्रींच्या हातात बसली होती.

कोल्हापूर जिल्ह्याला तर डिझेल परके नव्हतेच. उसाचा चरक आणि नदीचे पाणी उपसणारे ऑइल इंजिन यांच्या आधाराने येथील कारखानदारी वाढली. शिवाजी उद्यमनगरातील भट्ट्या आणि लेथ याच गरजेतून उभे राहिले. मळ्यातल्या इंजिनाचे नोझल कसे तपासावे, पंपात शिरलेली हवा कशी काढावी, हे ज्या माणसाला ठाऊक होते, त्याला डॉजच्या बॉनेटखालचे डिझेल इंजिन अनोळखी वाटण्याचे कारण नव्हते. शेतीने शिकविलेली विद्या रस्त्यावर आली, एवढाच त्याचा अर्थ.

अशा मोटारीची गरज कोणाला होती, हे पाहण्यासाठी कागल तालुक्यातील वेदगंगाकाठच्या मुरगूडकडे पाहावे. गावाला रेल्वे नाही. रेल्वे गाठावयाची तर कोल्हापूरला जावे लागते. एका अंगाला निपाणीची तंबाखूची पेठ. ती १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेली, तरी व्यवहार आणि सोयरीक तुटली नाही. दुसऱ्या अंगाला मुदाळतिट्ट्यावरून गारगोटी आणि राधानगरीकडे फुटणारे रस्ते. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली आणि पुढील काळात अशा गावांना वेळापत्रकाचा आधार मिळाला, हे खरेच. परंतु वेळापत्रक दिवसाचे असते आणि अडचण रात्रीची असते. बाळंतिणीला कोल्हापूरच्या थोरल्या दवाखान्यात न्यावयाचे, लग्नाचे वऱ्हाड निपाणीहून आणावयाचे, अशा प्रसंगी जी भाड्याची मोटार उभी राहते, ती किती सुंदर आहे हे कोणी पाहत नाही. तीत किती माणसे मावतात, आणि भाडे दहा जणांत वाटता येते की नाही, एवढेच पाहिले जाते. रुंद बाकांची अमेरिकन मोटार आणि स्वस्त डिझेल यांचा संयोग या हिशेबात चोख बसत होता. आज या भागात ज्याला ‘वडाप’ म्हणतात, त्या वाहतुकीचा हिशेबही याच तत्त्वावर उभा आहे.

येथे कोणी म्हणेल की, ही सारी तडजोड आहे. मूळ यंत्राची ही विटंबना आहे. या आक्षेपाला अमेरिकेचा इतिहासच उत्तर देतो. १९२९ च्या अखेरीस, शेअरबाजार कोसळून दोन-तीन महिने होतात न होतात तोच, इंडियाना राज्यातील कोलंबस गावच्या क्लेसी कमिन्स यांनी एका जुन्या पॅकार्ड मोटारीत आपले डिझेल इंजिन बसविले. जानेवारी १९३० मध्ये ती मोटार ते न्यू यॉर्कच्या मोटार-प्रदर्शनापर्यंत चालवीत घेऊन गेले. सुमारे ८०० मैलांच्या त्या प्रवासात इंधनावर दीड डॉलरही खर्च झाला नाही. अमेरिकेने ज्या आरंभीच्या डिझेल मोटारीचा अभिमान बाळगला, ती अशी इंजिन बदललेली, दुसऱ्या हाताची मोटार होती. त्याच कमिन्स कंपनीच्या भागीदारीतून १९६२ मध्ये पुण्यात किर्लोस्कर-कमिन्स उभी राहिली, हा योगायोगही लक्षणीय आहे. भारताच्या आजच्या नियमाने मोजले, तर कमिन्स यांची ती पॅकार्ड ‘व्हिंटेज’ ठरणार नाही.

उलट, कारखान्यातून ‘मूळ रूपात’ आलेल्या अमेरिकन डिझेल सेडानची कथाही बोधप्रद आहे. तेलसंकटाने हादरलेल्या जनरल मोटर्सने १९७८ च्या ओल्ड्समोबिल मोटारींत आठ सिलिंडरांचे ५.७ लिटर क्षमतेचे डिझेल इंजिन दिले. त्याची आखणी पेट्रोल इंजिनाच्याच साच्यावर बेतलेली होती. हेड आवळणाऱ्या बोल्टांची संख्या आणि मांडणी वाढत्या दाबाच्या मानाने अपुरी पडली. इंधनातील पाणी वेगळे करण्याची सोयही सुरुवातीला नव्हती. गॅस्केट फुटू लागली, ग्राहक न्यायालयात गेले आणि १९८५ नंतर ते इंजिन बंद झाले. अमेरिकन ग्राहकांच्या मनात डिझेल मोटारींविषयी जी अढी बसली, ती पुढे कित्येक वर्षे निघाली नाही. एकाच संकटाला दोन ठिकाणी दोन उत्तरे मिळाली. अमेरिकेतील बलाढ्य कंपनीने पेट्रोलच्या इंजिनाला डिझेलचे काम सांगितले. भारतातील मेस्त्रींनी पेट्रोलच्या मोटारीत अस्सल डिझेलचे इंजिन बसविले. या दोहोंत यंत्राचा स्वभाव अधिक कोणी ओळखला, हे सांगावयास नको.

अर्थात, आठवणींच्या भरात वस्तुस्थितीकडे डोळेझाक करून चालणार नाही. त्या मोटारींच्या धुराचे गोडवे गाण्याचे कारण नाही. डिझेलच्या धुरामुळे कर्करोग होतो, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २०१२ मध्ये दिला आहे. पट्टे नाहीत, ब्रेक जुन्या पद्धतीचे, पुढच्या बाकावर ड्रायव्हरला कोपर हलविता येणार नाही इतकी दाटी. असा प्रवास स्वस्त होता, सुरक्षित नव्हता. मालक आणि प्रवासी यांच्या आठवणी एकसारख्या असतात, असेही नाही. एकाला मोटारीची ऐट आठवते, दुसऱ्याला तीत काढलेला अवघडलेला प्रवास. तेव्हा या मोटारींना रोजच्या वाहतुकीत पुन्हा आणा, अशी मागणी कोणी करणार नाही आणि करू नये.

मागणी आहे ती निराळी. आज ज्याच्या गोठ्याशेजारच्या छपराखाली अशी मोटार उभी असेल, तो दोन दगडांच्या मध्ये सापडला आहे. इंजिन बदललेले असल्याने ‘व्हिंटेज’चा दरवाजा त्याला बंद. सामान्य मोटार म्हणून नोंदणी चालू ठेवावी, तर १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी तपासणी आणि नूतनीकरण आलेच. त्याचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाले आणि २०२५ मध्ये २० वर्षांहून जुन्या मोटारींसाठी ते १०,००० रुपये करण्यात आले. रस्त्यावर फारसे न येणाऱ्या मोटारीसाठी हा भार शिक्षकाच्या वा कारकुनाच्या घराला पेलणारा नाही. उरतो तो भंगारवाल्याचा काटा. त्या काट्यावर डॉज आणि पत्र्याचे पिंप यांत फरक एवढाच, की डॉजचे वजन अधिक भरते.

कायद्याच्या चौकटीतच याला मार्ग निघू शकतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील ५२ वे कलम वाहनातील बदल नोंदणी प्राधिकरणाच्या दप्तरी असावा, असे सांगते. ज्या जुन्या मोटारीचा इंजिनबदल अनेक दशकांपूर्वी रीतसर नोंदला गेला आहे, ती फसवणूक नव्हे. तो तिच्या आयुष्याचा अधिकृत भाग आहे. अशा मोटारींसाठी ‘रूपांतरित जुनी वाहने’ असा तिसरा वर्ग करावा, त्यांना केवळ प्रदर्शनापुरती मुभा द्यावी आणि शुल्क माफक ठेवावे. संस्थानिकांच्या मोटारी जपल्या जातात, हे योग्यच आहे. कोल्हापूरकरांना राजाराम महाराजांच्या मेबॅक मोटारीचा अभिमान वाटतो, तो अनाठायी नाही. पण मेबॅक राजवाड्याची कथा सांगते. रयतेचा प्रवास कसा झाला, हे सांगण्यासाठी डिझेलवर धावलेली डॉजच लागेल.

नियम बदलतील तेव्हा बदलोत. तोवर एक काम शिक्षक आणि विद्यार्थी यांना करता येण्याजोगे आहे आणि त्याला सरकारी परवानगीही लागत नाही. आरसी बुके, गॅरेजांची बिले, लग्नांची जुनी छायाचित्रे, आणि ज्यांनी ती इंजिने स्वतःच्या हातांनी बसविली त्या वृद्ध मेस्त्रींच्या तोंडची हकिगत, ही इतिहासाची साधने आहेत. मुरगूडसारख्या गावातील महाविद्यालयांनी ती गोळा करावीत. कोल्हापुरात १९६२ पासून शिवाजी विद्यापीठ आहे. गडकोट आणि ताम्रपट यांच्याबरोबर यंत्रांचा इतिहासही तेथे अभ्यासाचा विषय होऊ शकतो. लोखंड वितळले तरी नोंद उरते. मात्र ज्यांना ही हकिगत ठाऊक आहे, त्यांपैकी बहुतेकांनी सत्तरी-ऐंशी ओलांडली आहे, आणि त्यांच्या नोंदणीचे नूतनीकरण कोणत्याही शुल्काने होत नसते.