वादळ आठवतंय? मग पेन्शन घ्या

१९०९ साली आयर्लंडमधल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना एकाएकी एक जुनं वादळ आठवू लागलं. ६ जानेवारी १८३९च्या रात्री अटलांटिकवरून आलेल्या त्या वादळाने बेटभर छपरं उडवली, झाडं उन्मळून पाडली. लोकांच्या तोंडी ती ‘मोठ्या वाऱ्याची रात्र’ होऊन बसली होती. सत्तर वर्षांनी या आठवणीला भाव आला. ब्रिटिश सरकारने १९०८मध्ये वृद्धांच्या पेन्शनचा कायदा केला आणि १ जानेवारी १९०९पासून सत्तरी गाठलेल्या गरिबांना आठवड्याला पाच शिलिंगांपर्यंत रक्कम मिळू लागली. आता वयाचा पुरावा आणायचा कुठून? आयर्लंडमध्ये सगळ्यांच्या जन्माची सरकारी नोंद सुरू झाली १८६४ साली. सत्तरीचा माणूस त्याच्या कितीतरी आधी जन्मलेला. तेव्हा ‘मोठं वादळ मला चांगलं आठवतं’ एवढं सांगणंही वयाचा पुरावा म्हणून चालून गेलं. साहजिकच त्या रात्री जागे असलेल्यांची संख्या भराभर वाढली.

आयरिश वंशावळ शोधणाऱ्याला या वादळाचा तडाखा आजही बसतो. १९०१च्या जनगणनेत पंचावन्न वर्षांचा असलेला शेतकरी १९११मध्ये सत्तरीचा निघतो. दहा वर्षांत माणूस पंधरा वर्षांनी म्हातारा! असा पूर्वज सापडला की नवखा संशोधक हा आपला माणूसच नव्हे म्हणून पान उलटतो. मुरलेला संशोधक हसतो, पेन्शनची तारीख आठवतो आणि १९०१चं वय धरून पुढे जातो, तेही जपूनच. त्या जमान्यात आपलं खरं वय अनेकांना ठाऊकच नसायचं.

वादळाच्या आठवणीखेरीज आणखी एक पुरावा चालायचा. १८४१ आणि १८५१च्या जनगणनेची मूळ पत्रकं डब्लिनच्या सरकारी दफ्तरखान्यात होती. अर्जदाराने आईबापांची नावं आणि गाव सांगायचं, कारकुनाने जुनी पत्रकं उलटून त्या घरातलं ते पोर शोधायचं, तेव्हाचं वय फॉर्मवर उतरवायचं. काहींचे अर्ज ‘सापडत नाही’ अशा शेऱ्यासह परत गेले. पाच शिलिंगांसाठी केलेल्या या खटाटोपाचं मोल पुढे तेरा वर्षांनी कळलं.

२८ जून १९२२ रोजी आयर्लंडचं यादवी युद्ध पेटलं. ब्रिटनशी झालेला करार अमान्य असलेल्या बंडखोरांनी एप्रिलपासून डब्लिनची ‘फोर कोर्ट्‌स’ ही न्यायालयांची इमारत ताब्यात ठेवली होती. दफ्तरखाना त्याच आवारात होता. नव्या सरकारने तोफा डागल्या, ३० जूनला प्रचंड स्फोट झाला आणि सात शतकांची कागदपत्रं आगीत गेली. अर्धवट जळलेले कागद शहरावर उडत होते. १८२१ ते १८५१ या चार जनगणनांची पत्रकं काही तुटक भाग सोडता संपली. १८४१ किंवा १८५१मधल्या एखाद्या घराविषयी आज दोन ओळी मिळतात, त्या बऱ्याचदा पेन्शनच्या त्या फॉर्मवरूनच.

या आगीची कहाणी इतकी नाट्यमय आहे, की आयरिश नोंदींचं सगळं नुकसान तिच्याच खाती टाकलं जातं. हा शुद्ध अन्याय आहे. आगीने चार जनगणना खाल्ल्या, तर पुढच्या चार सरकारी टेबलाने. १८६१ आणि १८७१ची पत्रकं आकडे काढून झाल्यावर हुकुमाने नष्ट केली गेली. १८८१ आणि १८९१ची पत्रकं पहिल्या महायुद्धात कागदाच्या टंचाईपायी लगदा करायला धाडली. तोफ नाही, स्फोट नाही. कुणीतरी फाइलवर सही केली, एवढंच. १८४०च्या दशकातल्या भीषण दुष्काळातून वाचलेल्या आणि पुढे जगभर पांगलेल्या पिढ्यांची घरोघरची माहिती अशी गेली. बंडखोरांना दोष देणं सोपं असतं. कारकुनी निर्णयाला चेहरा नसतो.

म्हणून स्वातंत्र्यापूर्वीच्या जनगणनांपैकी संपूर्ण हाती लागतात त्या १९०१ आणि १९११च्या दोनच. मात्र त्या दोन अशा आहेत, की एखाद्या कादंबरीकाराने हेवा करावा. घरमालकाने किंवा कुटुंबप्रमुखाने स्वतःच्या हाताने भरलेला मूळ फॉर्मच जपलेला आहे. तो गोळा करायला येई पोलीस शिपाई. कुटुंबप्रमुखाशी नातं, धर्म, लिहिता-वाचता येतं का, धंदा, जन्माचा परगणा, आयरिश भाषा येते का, असे रकाने. शेवटच्या रकान्यात घरातलं कुणी मुकं, आंधळं किंवा वेडं आहे का, हेही आजच्या कानांना बोचेल अशा शब्दांत विचारलेलं. शिपाई स्वतंत्र पत्रकावर घराच्या भिंती कसल्या, छप्पर गवताचं की पक्कं, खोल्या किती, समोर खिडक्या किती, हे टिपायचा. या सगळ्यावरून घराची प्रत ठरे आणि घराच्या प्रतीवरून माणसांचीही.

१९११च्या फॉर्मवर विवाहित बाईसाठी तीन जास्तीचे रकाने होते : लग्नाला किती वर्षं झाली, जिवंत मुलं किती जन्मली, आज हयात किती. उदाहरणार्थ, तेवीस वर्षं, अकरा, सहा. आकडे नवऱ्याने भरलेले, शाई त्याच दौतीतली. गेलेल्या त्या पाच पोरांची नावं आणि जन्मतारखा आता नागरी नोंदवहीत जाऊन शोधायच्या. याच फॉर्मांवरून गर्दीही कळते : डब्लिनच्या हेन्रिएटा स्ट्रीटवर कधीकाळी उमरावांचे वाडे होते. १९११मध्ये तिथल्या अवघ्या १५ घरांत ८३५ माणसं राहत होती. १४ क्रमांकाच्या घरातच शंभर. ते घर आता संग्रहालय आहे, आणि तिथल्या बिऱ्हाडांची गोष्ट सांगायला त्याला या पत्रकांचा मोठा आधार आहे.

नागरी नोंदींचं तंत्र वेगळं. बिगरकॅथलिक विवाहांची नोंद १८४५पासून, तर सगळ्यांचे जन्म, मृत्यू आणि विवाह १८६४पासून. जन्म बेचाळीस दिवसांच्या आत नोंदवायचा, उशीर झाला तर दंड. शेतीची कामं सोडून नोंदणी कार्यालय गाठायचं म्हणजे दिवस मोडायचा. मग बाप दोन महिन्यांनी जाई आणि जन्म गेल्या महिन्यातला सांगून मोकळा होई. त्यामुळे आयरिश वंशशास्त्रात एक चमत्कार नेहमी घडतो : मुलाचा बाप्तिस्मा त्याच्या जन्माआधी झालेला असतो! चर्चची वही आणि सरकारी वही भांडू लागल्या, तर जाणकार बहुधा चर्चची बाजू घेतो. पाद्र्याला दंड लावायचा नव्हता.

चर्चच्या वह्यांनीही काळाची गंमत पाहिली. सरकारमान्य प्रॉटेस्टंट चर्चच्या पुष्कळ वह्या सुरक्षित राहाव्यात म्हणून डब्लिनच्या दफ्तरखान्यात नेल्या, तिथे त्या जळाल्या. कॅथलिक वह्या खेड्यापाड्यांतल्या दमट कपाटांत पडून राहिल्या, म्हणून वाचल्या. त्यांतली लॅटिन नावं उलगडावी लागतात, जेकोबस म्हणजे जेम्स हे ओळखावं लागतं. त्यात थोरल्या मुलाला बापाच्या बापाचं, दुसऱ्याला आईच्या बापाचं नाव ठेवायची रीत. परिणाम असा, की एकाच परगण्यात चार चुलतभाऊ पॅट्रिक मर्फी. त्यांच्यात निवड करायला ‘टाउनलँड’ कामी येतं. आपल्या वाडीएवढा हा जमिनीचा तुकडा. देशात असे साठ हजारांहून जास्त आहेत. पूर्वजाचा टाउनलँड कळला, की १८४७ ते १८६४ दरम्यान रिचर्ड ग्रिफिथने केलेल्या स्थानिक करासाठीच्या मालमत्ता-आकारणीत कुळाचं आणि जमीनदाराचं नाव मिळतं. नुसता ‘काउंटी कॉर्क’ एवढाच पत्ता घेऊन आलेला अमेरिकन पाहुणा मात्र पब पाहून परततो.

कागद न तपासता भलताच पूर्वज कसा चालून जातो, हे अमेरिकेतल्या एका बाईच्या कथेतून दिसतं. १ जानेवारी १८९२ रोजी न्यूयॉर्कच्या एलिस आयलंडवर स्थलांतरितांचं नवं केंद्र उघडलं. तिथे पहिलं पाऊल टाकलं ते कॉर्कहून दोन धाकट्या भावांसह आलेल्या ॲनी मूर या मुलीने. तिच्या हातावर दहा डॉलरचं सोन्याचं नाणं ठेवण्यात आलं. पुढे सांगितलं गेलं, की ती टेक्ससला गेली, तिथे लग्न केलं आणि १९२३मध्ये अपघातात गेली. ही गोष्ट कित्येक वर्षं पुस्तकांत, समारंभांत चालली. टेक्ससवाल्या ॲनीचे वंशज मानाने बोलावले गेले. मेगन स्मोलेन्याक या संशोधिकेने जनगणनेचे कागद पाहिले, तर टेक्ससच्या बाईचा जन्म इलिनॉयचा! ती जहाजातून उतरलेली नव्हतीच. २००६मध्ये स्मोलेन्याकने खऱ्या ॲनीच्या शोधासाठी हजार डॉलरचं बक्षीस लावलं. न्यूयॉर्कच्या दफ्तरातून ॲनीच्या भावाचा नागरिकत्वाचा दाखला निघाला आणि खरी ॲनी सापडली. ती मॅनहॅटनच्या गरीब वस्तीच्या बाहेर कधी गेलीच नव्हती. पोरंबाळं झाली, त्यातली निम्मी दगावली आणि १९२४मध्ये तीही गेली. थडग्यावर साधा दगडही नव्हता.

टेक्ससची गोष्ट इतकी टिकली, कारण ती सांगायला रुचकर होती. रकाने भरलेला रुक्ष कागद कुणी पाहिला नव्हता, आणि तो पाहणं अवघडही होतं. आयर्लंडने इथेच मोठं शहाणपण दाखवलं. १९०१ आणि १९११ची पत्रकं २००७पासून टप्प्याटप्प्याने इंटरनेटवर आली, कॅथलिक वह्यांच्या पावणेचार लाखांच्या आसपास प्रतिमा राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५मध्ये टाकल्या, नागरी नोंदी २०१६पासून दिसू लागल्या. सगळं फुकट. वंशावळीचा व्यापार करणाऱ्या मोठ्या कंपन्या इतरत्र याच मालाची वर्गणी घेतात. दफ्तर जळाल्याच्या शताब्दीला, २०२२मध्ये, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या पुढाकाराने जळालेल्या कागदांच्या जगभर विखुरलेल्या नकला गोळा करून आभासी दफ्तरखानाही उभा राहिला. ज्या देशाचं सर्वाधिक गेलं, त्याने उरलेलं सर्वांत मोकळ्या हाताने वाटलं.

यावर खासगीपणाचा आक्षेप येतो, आणि तो पोकळ नाही. २०१४मध्ये आयर्लंडच्याच सरकारी संकेतस्थळावर नागरी नोंदींची सूची आली तेव्हा हयात माणसांच्या जन्मतारखा आणि आईची माहेरची आडनावं उघड झाली. माहिती संरक्षण आयुक्तांनी हरकत घेतल्यावर ती उतरवावी लागली. मग तोडगा निघाला : जन्म शंभर वर्षांनी, विवाह पंचाहत्तर वर्षांनी, मृत्यू पन्नास वर्षांनी खुले. जनगणनेलाही शंभर वर्षांची मुदत आहे. स्वतंत्र आयर्लंडची पहिली जनगणना १८ एप्रिल १९२६ची, तिची मुदत एप्रिल २०२६ची. दार किती वर्षांनी उघडायचं यावर वाद घालता येतो, पण दाराला तारीख असते.

मराठी वाचकाला या सगळ्याचा संबंध लावायला फार लांब जावं लागत नाही. आयर्लंडचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर यांची आई वॉटरफर्ड परगण्यातल्या डंगार्वनची, वडिलांचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. १९११मध्ये दोन्ही गावं एकाच बादशहाच्या राज्यात होती आणि दोन्हीकडे जनगणना झाली : कोकणात १० मार्चला, आयर्लंडमध्ये २ एप्रिलला. डंगार्वनच्या घराघराचा फॉर्म आज मोबाइलवर पाहता येतो. वराडचा कुणालाच दिसणार नाही, कारण इथे आकडे छापून झाल्यावर घरोघरची पत्रकं जपण्याची पद्धत नव्हती.

स्वतंत्र भारताने १९४८च्या जनगणना कायद्यात कलम १५ घालून या नोंदी पाहायला बंदी केली आणि त्या बंदीला मुदत घातली नाही. शंभर वर्षांनीही नाही. २०२३पासून मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्या. संदीप शिंदे समितीच्या कामात गावोगावची कोतवाल बुकं (जन्म-मृत्यूच्या वह्या) आणि मोडी दप्तरं बाहेर निघाली, तेव्हा आजोबा-पणजोबांच्या एका ओळीसाठी लोकांनी तहसील कार्यालयात किती खेटे घातले हे सगळ्यांनी पाहिलं. तिथे पेन्शन होती, इथे आरक्षण. गरज पडल्यावरच कपाट उघडायचं, ही खोड दोन्हीकडे सारखी.

कलम १५मध्ये मुदतीचं एक पोटकलम घालायला फार खर्च नाही. २०२७ची जनगणना मोबाइलवरून होणार, म्हणजे या वेळी रद्दीवाल्याचीही गरज नाही. माहिती पुसायला एक आदेश पुरेल. ती किती वर्षं ठेवायची, कुठे ठेवायची आणि कुठल्या साली नातवंडांसाठी खुली करायची, हे संसदेने कायद्यात लिहावं, अधिकाऱ्यांच्या मर्जीवर सोडू नये.