बाग फुलते, पण पाणी कोण घालतं?

माघ सरत आला की टीव्हीवर दिल्लीच्या राष्ट्रपती भवनातली बाग दिसू लागते. पूर्वीचं मुघल गार्डन, जानेवारी २०२३ पासून अमृत उद्यान. ट्युलिप, गुलाब पाहून आपण हरखतो. पण मैत्रिणींनो, आपला गोंदिया जिल्हा काय कमी आहे? फाल्गुनात नवेगावबांधकडे निघा, पानं गळालेला पळस पेटल्यासारखा दिसतो. मोहाचा वास तर वाटेभर सोबत करतो.

अशा सहलीत आपण मात्र डबे भरण्यात आणि भांडी आवरण्यात असतो. बाग बघायची राहूनच जाते. घरच्या बागेचंही तसंच आहे.

उमेद अभियानातून २०२० साली ‘माझी पोषण परसबाग’ मोहीम निघाली. कल्पना चांगली, गरजही मोठी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. २०१५-१६ मध्ये हेच प्रमाण ४८ टक्के होतं. म्हणजे दुखणं वाढलंच. दारची पालेभाजी, शेवग्याचा पाला आणि जेवताना लिंबाची फोड, एवढ्यानेही ताटात लोह वाढतं आणि ते अंगी लागायला मदत होते.

मग अडतं कुठे? बचत गटाच्या बैठकीत एक बाई म्हणाली, “ताई, वाफे तर केले, पण चैतात पाणी कुठून आणू?” खरा प्रश्न हाच आहे. पावसाळ्यात लावलेली बाग फोटोत हिरवीगार दिसते. उन्हाळ्यात हातपंपावरून हंडे आणायचे कोणी? ज्या बाईचं रक्त कमी, तिनेच. म्हणजे तिच्या तब्येतीसाठी केलेली बाग तिच्याच कंबरेवर येते.

उपाय घरात आहेत. तांदूळ आणि भाजी धुतलेलं पाणी सांडू नका. वाफ्यात बुडाला बारीक भोक पाडलेलं मडकं पुरून भरून ठेवा, पाणी थेंबथेंब मुळाशी मुरतं. वर धानाची तणस पसरा, ओल टिकते. अंगणात सिमेंट झालं असेल तर जुन्या पिंपात, टोपल्यात चवळी, पालक लावा. आणि पाणी घालण्याची पाळी घरातल्या पुरुषांनाही द्या. भाजी सगळेच खातात ना!

बाकी काम गावाचं आहे. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा होते, ती नुसत्या सहीपुरती ठेवू नका. परसबागेसोबत उन्हाळ्याच्या पाण्याची सोय मागा आणि ते ठरावात लिहून घ्या.

आणि हो, यंदा नवेगावला गेलात तर डबा दुसऱ्या कुणाच्या हाती द्या. घटकाभर पळसाखाली नुसत्या बसा. तोही आपला हक्कच आहे.