प्रपंचातील प्रश्न : जुन्या पिकअपचे मोल

प्रत्येक नांदत्या घरात अशी एखादी वस्तू असतेच, की जी वापरात नाही आणि टाकवतही नाही. घर एकत्र आहे तोवर तिची किंमत काय, हा प्रश्न कोणास पडत नाही. वाटणीची बोलणी निघाली, की मात्र तीच वस्तू सर्वांच्या मध्ये येऊन उभी राहते. अशाच एका प्रसंगी तिऱ्हाईत म्हणून बसण्याची पाळी नुकतीच आमच्यावर आली. संबंधितांच्या अनुमतीने, कोणाचे नाव न घेता, ती हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहो.

नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात आमच्या एका स्नेह्यांची वडिलार्जित शेती आहे. कूळकायद्यानंतर जी काही एकरे शिल्लक राहिली, ती थोरल्या बंधूंनी, म्हणजे अण्णांनी, जन्मभर कसली. धाकटे दोघे नोकरीनिमित्त पुण्यास व नाशकास राहिले. २००६ साली अण्णांनी शेताकरिता एक मालवाहू पिकअप घेतली. तिच्यातून कांदा लासलगावच्या बाजारात गेला, खताची पोती आली, घरची लग्ने पार पडली. तीन वर्षांपूर्वी अण्णा वारले, आणि गाडी गोठ्यामागच्या चिंचेखाली जी उभी राहिली, ती तेथेच. घरी मागे राहिल्या वहिनी व कॉलेजात शिकणारी त्यांची मुलगी. गाडी कागदोपत्री अण्णांच्या नावावर असली तरी पैसा एकत्र उत्पन्नातला, म्हणून ती वाटणीत धरली गेली.

धाकट्या बंधूंचे म्हणणे ऐकण्यास फार गोड होते. ते म्हणाले, "गाडी अण्णांची आठवण आहे. ती बाहेर जाऊ नये. वहिनींकडेच राहू द्या. दीड लाख धरू." वहिनी दाराआड उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. आम्हांसही प्रथम ही व्यवस्था उदारपणाची वाटली, हे कबूल केले पाहिजे. गाडी वहिनींकडे राहणार याचा अर्थ त्यांच्या रोख वाट्यातून दीड लाख वजा होणार, ही गोष्ट रात्री अंथरुणावर पडल्यानंतर ध्यानात आली. सकाळी उठून आम्ही स्नेह्यांस म्हटले, की प्रथम गाडी पाहू, आकडा मागाहून लिहू. तालुक्याच्या गावाहून एक वृद्ध मिस्त्री बोलाविला. त्या दोन तासांत त्याने आम्हांस जे शिकविले, ते अनेकांच्या उपयोगी पडेल.

आमची नजर पत्र्यावर होती. मिस्त्री थेट गाडीखाली शिरला. रंग आणि पत्रा पाहून किंमत करणारा फसतो, असे त्याचे म्हणणे. गाडीचा कणा म्हणजे चासी. लहान हातोडीने तो तिच्यावर ठोके देत गेला. शाबूत लोखंड खणखणते, आतून खाल्लेले बद्द वाजते. दोन्ही लांब पट्ट्या चांगल्या निघाल्या. मागची आडवी पट्टी आणि हौद्याचा तळ मात्र गंजाने चाळण झाला होता. त्याचे कारणही त्याने सांगितले : युरिया आणि पोटॅश हवेतील ओल शोषून घेतात, आणि फुटलेल्या पोत्यांतून सांडलेले खत कोपऱ्यांत साचून लोखंड खाते. लांब पट्ट्याच गेल्या असत्या, तर पुढे काही पाहण्याचे कारण नव्हते.

मग इंजिन. तेल मोजण्याची पट्टी त्याने बाहेर काढून उजेडात धरली. तेल काळे असले तरी चालते, दुधाळ दिसले तर आत पाणी शिरले असे समजावे. ते काळे होते. पुढच्या पुलीच्या बोल्टास पाना लावून त्याने इंजिन हाताने फिरविले. ते जड पण फिरले, म्हणजे आत जाम झालेले नव्हते. टाकीतील डिझेलचा मात्र गाळ झाला होता, ब्रेक धरून बसले होते आणि वायरी उंदरांनी कुरतडल्या होत्या. टायरांची नक्षी पाहून आम्ही ते नवे समजलो. मिस्त्रीने टायरच्या कडेवरील चार आकडे दाखविले : ३६१४. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे टायर २०१४ सालच्या छत्तिसाव्या आठवड्यात तयार झालेला. नक्षी शाबूत असली तरी रबर जागोजाग तडकले होते.

आता कागद. मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे. त्याप्रमाणे मालवाहू गाडीजवळ योग्यतेचा दाखला, ज्यास सर्वजण फिटनेस म्हणतात तो, चालू नसेल तर तिची नोंदणीही वैध समजली जात नाही. गाडी आठ वर्षांहून जुनी झाली, की तो दाखला दरवर्षी नवा करावा लागतो. येथे तो केव्हाच संपला होता. मालक वारल्यास वारसाने तीस दिवसांत परिवहन कार्यालयास कळवावे आणि तीन महिन्यांत गाडी आपल्या नावावर करण्याचा अर्ज द्यावा, असा नियम आहे. तेही कोणी केले नव्हते. कर्ज फिटूनही बँकेचा बोजा आरसीबुकावर तसाच होता. नाशिकच्या बंधूंनी मध्येच शंका काढली, की दहा वर्षांवरील डिझेल गाडीस तर बंदीच आहे. ती समजूत दिल्ली परिसरासाठी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ साली दिलेल्या आदेशातून पसरलेली आहे; निफाडच्या गाडीशी त्या आदेशाचा संबंध नाही.

मग ओसरीवर बसून आम्ही हिशेब मांडला. याच वयाची, चालती, कागद पुरे असलेली गाडी त्या भागात १,६०,००० रुपयांस जात होती, हे दोघा विक्रेत्यांकडून कळले. मिस्त्रीच्या अंदाजाने दुरुस्ती अशी : टायर २४,०००, हौदा व आडवी पट्टी २२,०००, ब्रेक व क्लच १४,०००, टाकी व डिझेलपंप १२,०००, बॅटरी ६,५००, वायरी ५,५००, एकूण ८४,०००. विमा, फिटनेस, नावबदल, बोजा उतरविणे व विलंबाचे शुल्क मिळून २१,०००. बाकी राहिले ५५,०००. इंजिन उघडून पाहिलेले नाही, त्या धोक्यापोटी घेणारा आणखी १०,००० तरी कापणारच. म्हणजे ४५,०००.

दुसऱ्या बाजूने तळाची किंमत काढली. भंगारवाल्याने रबर, काच वगैरे वजा जाता १,२०० किलो धरले आणि २८ रुपये भाव सांगितला; झाले ३३,६००. भंगारात देणेच झाले, तरी रस्त्यावरच्या कोणासही गाडी देऊन मोकळे होऊ नये. गाडी मोडीत निघाली, की चौदा दिवसांत कळवून नोंदणी रद्द करून घ्यावी, असे कायदा सांगतो. नाही तर तुमच्या नावाचा क्रमांक दुसऱ्याच्या हाती फिरत राहतो. २०२१ च्या नियमांनुसार नोंदणीकृत मोडणी केंद्रात गाडी दिल्यास ठेवीचा दाखला मिळतो, आणि त्यावर नवी मालवाहू गाडी घेताना करात १५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद केंद्राने केली आहे.

दोन्ही आकडे पाहून आम्ही ४०,००० लिहिले. स्नेह्यांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "अण्णांच्या गाडीची ही किंमत?" आम्ही विचारले, "दीड लाखास आपण घ्याल काय? ती रक्कम आपल्या वाट्यातून वजा करू." ते बराच वेळ चिंचेकडे पाहत राहिले. मग हलक्या आवाजात म्हणाले, "नाही घेणार." एकाने वाटे करावे आणि दुसऱ्याने उचलावे, ही जुनी रीत आपल्या वाडवडिलांनी उगीच घातलेली नाही.

येथे आमच्या स्नेह्यांस दोष देण्याचा हेतू नाही. त्यांचे अण्णांवरील प्रेम खरे होते. परंतु ते प्रेम त्यांनी रुपयांत मांडले आणि ते रुपये वहिनींच्या वाट्यातून जाणार होते. १,१०,००० रुपयांचा हा फरक म्हणजे त्या मुलीच्या शिक्षणाचा पैसा. घरातील आठवण कागदावर मांडली, की तिची किंमत बहुधा त्याच माणसाकडून वसूल होते, ज्यास वाटणीत तोंड उघडणे सर्वांत कठीण असते.

यानंतर वहिनी प्रथमच बाहेर आल्या. त्या म्हणाल्या, "मला गाडी चालवता येत नाही, भावजी. विकून टाका. मला फक्त आतली वही द्या." पुढच्या खणात अण्णांची वही होती. तीत कांद्याची पोती, डिझेल, तेल बदलल्याची तारीख, सारे वर्षानुवर्षे टिपलेले. गाडीवरील किलोमीटरचा काटा २०१३ सालीच बंद पडला होता, हेही त्या वहीवरूनच कळले. मिस्त्रीने पाने चाळली आणि म्हणाला, "असे तेल बदललेले इंजिन फसवणार नाही."

वारसाची नोंद करून, बोजा उतरवून, त्या गाडीचे पुढे शेजारच्या एका द्राक्षबागायतदाराकडून ४३,००० रुपये आले. घेणाऱ्याने किंमत ठरविण्यापूर्वी वही मागितली होती. वहिनींनी ती त्यास ओसरीवर बसवून दाखविली, आणि परत घेऊन आत देवघराच्या कोनाड्यात ठेवली.